मिठाचा काठ

१८ फेब्रुवारी, घोडेगाव

खोली बरी आहे. बाटल्यांची पेटी वर चढवताना घरमालकांनी विचारलं, "दवाखाना काढताय का, मॅडम?" म्हटलं, "हो, पण पेशंट एकच आहे. भिंत." ते हसले, पण नंतर दोनदा वर येऊन डोकावून गेले.

शिनोलीच्या वरच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. गावात त्याला मेंढरांचं लेणं म्हणतात. एक खोली, एक दगडी बाक आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मीत दोन ओळी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईनं ही खोली भिक्षूंना दान दिली, एवढं त्या ओळी सांगतात. बाईच्या नावाचा अर्धा भाग गळून गेलाय, अर्धा उरलाय. भिंतीत मुरलेले क्षार अक्षरं आतून ढकलून पाडताहेत. ते पावसाच्या आत काढायचे आणि उरलेलं नाव वाचवायचं, हे काम पुण्याच्या एका लहानशा संस्थेनं मला दिलंय. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली केलं. हे पहिलं माझं एकटीचं.

दर शनिवारी येईन, असं प्राचीला सांगून आलेय. नऊ वर्षांची झाली तरी निघताना ओढणी सोडत नव्हती. भरत म्हणाला, "तू जा. आम्ही दोघं मजेत राहू."

२० फेब्रुवारी

धम्मपाल आला. अवसरी बुद्रुकचा, पस्तिशीचा, लेण्यांचे फोटो आणि नकाशे करतो. लहानपणी वडील त्याला दर वैशाख पौर्णिमेला जुन्नरच्या लेण्यांत घेऊन जायचे. लेखासमोर उभा राहिला आणि आधी चपला काढल्या, मग कॅमेरा.

भिंत पाहिली. दुपारी ती पांढरी असते, पीठ उडाल्यासारखी. सकाळी गेलं तर काळी आणि ओली. पाऊस नाही, झरा नाही, तरी ओली. धम्मपाल म्हणाला, "गावात म्हंतात, भिंत रडते."

रडत नाही. पिढ्यान् पिढ्या पावसाळ्यात इथे मेंढरं बसली. त्यांचं मूत जमिनीत आणि भिंतीत मुरलं. मातीतले जीवाणू त्याचं आम्ल करतात. ते आम्ल दगडातल्या चुन्याला, चुलीच्या राखेला भेटलं की क्षार तयार होतो. आम्ल आणि अल्क भेटले की दोघांचाही स्वभाव जातो आणि तिसरंच काही उरतं, ते म्हणजे क्षार. आपण जेवणात घेतो ते मीठ त्या मोठ्या कुटुंबातलं एक. भिंतीतला हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि सकाळी पाणी होतो. ऊन चढलं की पुन्हा खडे धरतो. खडा वाढायला जागा मागतो आणि दगडाचा कण बाहेर ढकलतो. रोज.

दुपारी एक म्हातारी सात-आठ मेंढरं घेऊन वर आली. म्हाळसाबाई. मेंढरं सरळ आत शिरून भिंत चाटायला लागली. तिनं काठीनं त्यांना एका कोपऱ्यापासून लांब हाकललं, बाकी भिंत चाटू दिली.

"तुमी पुसनार का हे?"

"पुसणार नाही, आजी. आत मीठ आहे, ते बाहेर काढणार."

"समदं?"

"जमेल तेवढं."

ती मेंढरं एका बाजूला घेत दाराशी बसली. आम्ही उतरलो तेव्हाही दारात बसून होती.

२१ फेब्रुवारी

भिंतीची पांढरी भुकटी पाण्यात विरघळवली, हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, घातला, नळीच्या कडेनं सावकाश आम्ल सोडलं. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं उभं राहिलं. म्हणजे नायट्रेट. म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूत घालतात तो. मेंढरांचंच देणं. सगळं जसं असायला हवं तसं आहे.

२७ फेब्रुवारी

आज सकाळी लवकर वर गेलो. भिंत काळी, ओली. फक्त लेखाच्या खाली, तळाशी, म्हाळसाबाईनं मेंढरांना हाकललं त्या कोपऱ्यात, एक जागा कोरडी आणि पांढरी. धम्मपालनं कॅमेरा लावला आणि त्यावरचा डोळा काढून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, कुणीतरी बसलंय."

बसलंय असंच दिसतं. गुडघे पोटाशी, डोकं जरा डाव्या खांद्यावर कललेलं. मोठं माणूस नाही. प्राची टीव्ही बघताना तशी बसते.

मी त्याला म्हटलं, ढगांत हत्ती दिसतो तसं आहे हे. ऊन चढलं, सगळी भिंत पांढरी झाली आणि ते दिसेनासं झालं. तरी जेवायला तो बाहेर जाऊन बसला.

शनिवारी जाणं जमणार नाही. त्या जागेचं रोज निरीक्षण करायला हवं. प्राची फोनवर "बरं" म्हणाली. समजूतदार आहे.

४ मार्च

कोडं सुटलं, निदान अर्धं. पांढऱ्या जागेचा नमुना वेगळा घेतला. तपकिरी कडं जेमतेम. मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तर नळीत दह्यासारखा दाट पांढरा साका. खिडकीत ठेवला तर तासाभरात जांभळा पडला. क्लोराइड. म्हणजे साधं मीठ. खायचं.

म्हणून सकाळी तेवढंच पांढरं राहतं. चुन्यापासून झालेला हा सोरा थोड्या ओलीनं पाणी होतो, खायच्या मिठाला जास्त ओल लागते. भुताटकी नाही, दोन क्षारांचे दोन स्वभाव. धम्मपालला समजावलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "पण मॅडम, मीठ इथं आलं कुठून?"

भिंतीत दुसरीकडे कुठेही ते नाही. बोटभर अलीकडे नाही, बोटभर पलीकडे नाही. मेंढपाळ मेंढरांना मीठ देतात. पोतं तिथे टेकून ठेवत असतील, ओलं होऊन पाझरलं असेल. पोतंही बसल्यासारखंच दिसतं. म्हाळसाबाईच्या घरी विचारून येईन, म्हणजे अहवालात लिहिता येईल.

६ मार्च

शिनोलीत गेले होते. म्हाळसाबाई मेंढरांमागे गेलेली. तिचा नवरा राघूबाबा ओट्यावर बसून लोकर पिंजत होता. गुडघे गेलेत, डोंगर चढवत नाही म्हणाला. चहा झाला. मी अगदी हौसेनं विचारलं, "बाबा, लेण्यात त्या कोपऱ्यात तुम्ही मिठाचं पोतं ठेवायचात का?"

त्याचे हात थांबले.

"कोन बोललं तुमाला?"

"कुणी नाही. भिंतीत मीठ सापडलं."

"आजून हाय?"

"आहे."

तो पिंजलेली लोकर बोटांनी उकलत राहिला. मग बोलला. मी त्याच्याच शब्दांत लिहितेय, जेवढं आठवतं तेवढं.

"आमची थोरली. अंजना. नवाची व्हती. चाळीसेक वर्सं झाली. आखाड लागला आन् मेंढरं घेऊन वर गेलो. तिला ताप भरला. आडवं झालं की दम लागायचा, म्हनून भिंतीला टेकवून बसवली. वडा भरला व्हता, वाट खचली व्हती, खाली यायला जागाच न्हाई. बसल्या जागीच गेली. तिथं खड्डा कुठं खनायचा? समदा कातळ. बाहेर चिखल सुटलेला, कोल्ही फिरत्यात. म्हातारी म्हनली, माझी पोर आपल्या शेतात निजंल, हितं न्हाई. मेंढरांचं मीठ व्हतं, पोतंभर. मी तिच्या भवती भरलं, वरून घोंगडं गुंडाळलं. पानी वसरंपातूर तशीच बसवून ठिवली. मग खाली आनली. बांधावर हाय ती."

निघताना तो म्हणाला, "मीठ चांगलं व्हतं. पोर जशीच्या तशी व्हती."

७ मार्च

वर गेले नाही. डोकं दुखतंय असं धम्मपालला कळवलं.

११ मार्च

एक अक्षर पडलं. आम्ही समोर असताना. आवाज नाही, काही नाही, बाजरीएवढे कण भिंतीवरून घरंगळले आणि बाईच्या उरलेल्या नावातलं पहिलं अक्षर संपलं. धम्मपालनं ते कण कागदावर गोळा केले. आता ते नुसती माती आहे.

क्षार खालून वर चढताहेत, त्या बसलेल्या जागेतून सरळ लेखाकडे. आधी तीच जागा काढायला हवी. मी पुढचं टोक आधी करू म्हणत चार दिवस काढले, हे त्याच्या लक्षात आलंय.

"मॅडम, आजींचं दुःख मला कळतं. पण वरच्या बाईचं बी नाव चाललंय. तिचं तर विचारायला पण कुणी राहिलं नाही."

बरोबर आहे त्याचं. पण म्हाळसाबाईला न विचारता मी हात लावणार नाही. (सकाळी आत शिरताना मी त्या कोपऱ्याकडे बघून "आले गं" म्हणते, असं धम्मपाल म्हणाला. मला तरी आठवत नाही.)

प्राचीचं स्नेहसंमेलन शनिवारी होतं. होऊन गेलं.

१५ मार्च

म्हाळसाबाईशी बोलले. ऊन अजून आत आलेलं नव्हतं, भिंत काळी आणि ती कोपऱ्यातली पांढरी. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. धम्मपाल बाहेर.

"म्हातारा बोलला तुझ्यापाशी," ती म्हणाली.

"हो, आजी."

"पापनीचं बोलला?"

"नाही."

"न्हाई बोलनार. त्याला म्हाईतच न्हाई म्हंतो." तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "मीठ वतत व्हता तो. गळ्यापातूर आलं व्हतं. चुलीचा उजेड तिच्या तोंडावर. मला दिसलं, पापनी हालली. मी वरडले, आवं, थांबा, हालली ती. तो म्हनला, न्हाई. गार पडलीय कवाची. मी म्हनलं, हात लावून बगा. त्यानं लावला. न्हाई म्हनला. आन् वतलं."

मेंढरं बाहेर खाकरत होती.

"तवापास्नं येती मी हितं. कुनी म्हंतं माया. माया न्हाई बाई. मी बगाया येती. हालती का."

ती माझ्याकडे वळली. "तू शिकलेली. भिंतीतलं समदं तुला कळतं. ती जित्ती व्हती का, ते सांग."

मी उठले. भिंतीपाशी गेले. त्या पांढऱ्या आकाराच्या कडेनं, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, बोट फिरवलं.

"आजी, हा काठ बघा. कसा सरळ आहे. मीठ ओलं असताना आतलं अंग जरा जरी हललं असतं तर हा काठ पसरला असता, दुहेरी झाला असता. तसं कुठेच नाही. ती हलली नाही. आधीच गेलेली होती."

ती जवळ आली. तिनंही बोट फिरवलं, सगळ्या काठावरून, अगदी सावकाश.

"सरळ हाय."

"हो."

"नक्की कळतं यावरनं?"

"नक्की."

तिनं बोटाला लागलेलं मीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "मग काढ."

हे खरं नाही. चाळीसेक पावसाळे गेले. ते मीठ कितीदा विरघळलं आणि कितीदा नव्यानं बसलं, देव जाणे. त्या काठावरून काहीही सांगता येत नाही. चाचणी केल्याशिवाय मी कधी एक वाक्य लिहिलेलं नाही, आणि आज एवढं मोठं बोलून बसले. वाईट वाटतंय का, ते नीट कळत नाही. तिचा चेहरा सुटला, तो मी पाहिला.

१६ मार्च, पुणे

अचानक घरी आले. दुपारी प्राची सोफ्यावर झोपली होती. मी शेजारी बसून बघत होते. तिच्या पापण्या हलत होत्या. मग थांबल्या. मी तिला हलवून उठवलं. पुन्हा झोपली, तर पुन्हा उठवलं. ती चिडून रडायलाच लागली. भरत स्वयंपाकघरातून आला, "अगं, झोपू दे की तिला. काय झालंय तुला?"

काही झालेलं नाही. प्रवासानं दमलेय.

२२ मार्च

लेप लावला. अक्षरांवर आधी पातळ कागद डकवून त्यांना आधार दिला. मग कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून त्या जागेवर थापला. लगद्यातलं पाणी दगडात शिरतं, मीठ विरघळवतं, आणि लगदा वाळताना मिठाला घेऊन बाहेर येतं. भाकरी थापतात तसंच काम आहे. म्हाळसाबाई दारातून बघत होती. "थंड लागंल," एवढंच म्हणाली.

२८ मार्च

लेप वाळून सुटला. आतली बाजू मिठानं कडक झालेली. भिंतीवर काही नाही, नुसता काळा दगड. म्हाळसाबाईनं त्यावर तळहात ठेवला आणि काढला. मेंढरं घेऊन खाली गेली. आज पहिल्यांदा आमच्या आधी.

२ एप्रिल

आकार परत आला.

यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिला लेप वरवरचं मीठ नेतो, मग खोलवरचं पुढे येतं. होणार हे मला माहीत होतं. धम्मपाललाही सांगून ठेवलं होतं.

पण काठ तसा नाही. डाव्या बाजूला, कोपरापाशी, तो दुहेरी झालाय. एक कड पहिल्या जागी, दुसरी चार बोटं वर. हात उचलल्यासारखा.

ओल्या लेपानं मीठ बाजूला सरकलं. एवढंच आहे. ओल्या लेपानं मीठ बाजूला सरकलं.

खालून म्हाळसाबाईची हाक ऐकू आली, मेंढरांना. चढणीच्या मध्यावर असावी. मी धम्मपालकडे पाहिलं. तो बादलीत लगदा कालवायला लागला. चमचे, थापी काही शोधलं नाही, मी हातांनीच थापत सुटले. आधी कोपर, मग बाकीचं. ती दारात आली तेव्हा सगळं झाकलेलं होतं.

"परत आलं व्हतं का गं?"

"नाही, आजी. वरच्या अक्षरांसाठी आणखी एक लेप देतोय."

"हातानंच का थापलंस?"

"थापी खाली राहिली."

उतरताना धम्मपालला विचारलं, सकाळचा फोटो काढला होतास का? तो रोज आत शिरल्या शिरल्या काढतो. म्हणाला, "आज बॅटरी उतरली होती, मॅडम." दुपारी लेखाचे फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढले होते.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. धम्मपाल अवसरीला. मी एकटी वर गेले, जायचं काही कारण नव्हतं. लेपासमोर बसून राहिले. आत तो हात खाली आला असेल की आणखी वर गेला असेल, असा विचार मनात आला. रसायनशास्त्रात असा प्रश्न नसतो. ऊन उतरेपर्यंत बसले.

प्राचीचे तीन फोन येऊन गेले होते, पण वर रेंज नसते.

२५ एप्रिल

दुसरा लेप काढला. आकार नाही. तिसरा लावला, कारण खात्री हवी. धम्मपाल म्हणाला, "एवढ्याची गरज आहे का?" आहे.

म्हाळसाबाई हल्ली वर येत नाही. तिची मेंढरं खालच्या माळावर दिसतात.

९ मे

काम संपलं. तिसऱ्या लेपाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिलं. धूसरसुद्धा झालं नाही. भिंतीत आता तिचं काही उरलेलं नाही. लेखाची उरलेली अक्षरं घट्ट आहेत. धम्मपालनं पुन्हा एकदा चपला काढून ती वाचली, अर्ध्या नावासकट, आणि सामान घेऊन पुढे उतरला.

मी पेटी बांधत होते. दारात सावली पडली. राघूबाबा. काठी टेकत, मध्ये मध्ये बसत चढून आला होता, घामानं भिजलेला. मी धावले, पाणी दिलं. त्यानं ते प्यायलं नाही. सरळ त्या कोपऱ्यापाशी गेला आणि कोऱ्या दगडाकडे बघत उभा राहिला.

"म्हातारी आता निजती," तो म्हणाला. "दुपारची बी निजती. इतक्या वर्सांत तिला दुपारची निजलेली पाह्यली नव्हती मी. तू काठाचं सांगितलंस म्हनं."

"हो."

"काठावरनं खरंच कळतं व्हय, पोरी?"

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिले. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू तेच उत्तर होतं.

"मलाबी दिसलं व्हतं," तो म्हणाला. "पापनी."

खाली कुठेतरी धम्मपाल मला हाक मारत होता.

"हात लावला, तर गार व्हती. दगडावानी गार. नाकाशी बोट धरलं, वारा न्हाई. पन दिसलं व्हतं. चुलीचा जाळ हालला आसंल, काय आसंल. मी थांबलो आस्तो, तर तिनं पोरीला सोडलीच नस्ती. ती बी बसली आस्ती तिथंच. म्हनून न्हाई म्हनलं. तवापास्नं न्हाईच म्हंतोय. तिलाबी, मलाबी."

त्यानं भिंतीला हात लावला नाही. नुसता उभा राहिला, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता तूबी न्हाईच म्हन."

मी हो म्हणाले.

आम्ही दोघं खाली उतरायला लागलो. त्याचे गुडघे वाकत नव्हते, तरी उभ्या उतारावर त्यानंच माझा हात धरला होता. माळावर झाडाखाली म्हाळसाबाई पदर तोंडावर घेऊन झोपली होती, मेंढरं तिच्याभोवती बसलेली. आम्ही वाट सोडून लांबून गेलो, पाय न वाजवता.